काँक्रीटची विद्या : देशोदेशींची देवघेव आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात बार्शी मुक्कामी केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारा जन्म प्राथमिक शाळेत पाढे शिकविण्यात गेला. काँक्रीटसारख्या विषयावर बोलण्याचा अधिकार समोर बसलेल्या तरुण इंजिनिअर मंडळींचा आहे. परंतु दोन कारणांनी आम्ही धीर केला. एक, आपल्या ज्ञातीतील बरीच घराणी पिढ्यान्‌पिढ्या बांधकामावर पोट भरीत आली आहेत व आम्हीही त्यांपैकीच एका घराण्यातले. दुसरे, मंडळाने विद्यार्थी वसतिगृहाच्या इमारतीचा संकल्प सोडला आहे. उद्या तिच्या छपराखाली आपली मुले निजणार. तेव्हा पाया खणण्यापूर्वी चार गोष्टी बोललेल्या बऱ्या.

आमच्या आजोबांपासून आरंभ करतो. ते चुन्याच्या कामातले नामांकित गवंडी होते. घाणीत चुना किती दळावा, त्यात गुळाचे पाणी केव्हा घालावे, हिरड्याचे पाणी किती दिवस मुरवावे, याचे त्यांचे स्वतःचे प्रमाण होते. त्यांनी केलेल्या हौदातून पाण्याचा थेंब झिरपत नसे. एकदा शेजारच्या आळीतला, दुसऱ्या ज्ञातीचा एक होतकरू पोरगा त्यांच्यापाशी काम शिकावयास आला. आजोबांनी त्याला घमेली उचलावयास लावले, पण चुना कालविण्याची वेळ आली की ते त्याला काही तरी निमित्ताने दूर पाठवीत. घरची विद्या घरातच राहावी, हा त्या काळचा रिवाज. पुढे आमचे वडील कारकुनीत शिरले, आम्ही मास्तरकीत. आजोबा गेले त्या दिवशी ते प्रमाणही त्यांच्याबरोबर गेले. आज त्या हौदाला चीर पडली तर ती कशाने बुजवावी हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. विद्या घरात कोंडली, आणि ती घरातूनही गेली.

ही गोष्ट मनात ठेवून आता आपण जरा दूर जाऊ.

सिमेंट-काँक्रीट ही वस्तू कोणाच्या घरची? १८२४ साली लीड्स शहरच्या जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. हा धंद्याने गवंडी होता. त्याचे सिमेंट घट्ट झाल्यावर पोर्टलंडच्या दगडासारखे दिसे, म्हणून हे नाव. फ्रान्समधील जोसेफ मोनिए हा माळी. त्याच्या कुंड्या फुटत, म्हणून त्याने त्यांत लोखंडी जाळी घालून पाहिली व १८६७ साली त्याचे पेटंट घेतले. फ्रान्समध्येच फ्रान्स्वा एन्बीक या पाथरवटीतून वर आलेल्या कारागिराने १८९२ साली खांब, तुळई व स्लॅब एकजीव ओतण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत शिकागो येथे डफ अब्राम्स या प्राध्यापकाने असंख्य नमुने फोडून १९१८ साली नियम प्रसिद्ध केला : काँक्रीटचे बळ मुख्यतः सिमेंटाच्या मानाने पाणी किती घातले यावर ठरते, पाणी जितके जास्त, बळ तितके कमी. म्हणजे गवंड्याने वस्तू काढली, माळ्याने तीत लोखंड घातले, पाथरवटाने तिची इमारत केली आणि मास्तराने तिचा हिशेब मांडला. यांपैकी एकाने जरी आपले ज्ञान घरातल्या पेटीत ठेवले असते, तरी पुढच्याचे काम अडले असते. आपल्या देशात १९१४ साली पोरबंदर येथे सिमेंटचा कारखाना चालू झाला, आणि १९२७ पासून ‘इंडियन काँक्रीट जर्नल’ हे मासिक निघू लागले. काँक्रीटच्या कामाची भारतीय मानक संहिता प्रथम १९५३ साली छापली गेली. सिमेंटाबरोबर ते कसे वापरावे याचे छापील ज्ञानही आले पाहिजे, हे त्या पिढीने ओळखले होते.

यावर कोणी म्हणेल की, हा सारा परदेशाचा पुरवठा झाला. आपण केवळ घेणारे. आम्ही बार्शीकरांनी तरी असे म्हणू नये. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत अडीच फुटी आगगाडी सुरू झाली. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर. इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार नको आणि तो सर्व आसांवर सारखा वाटला जावा, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हा त्याचा सिद्धांत. तो कसास लागला आपल्या या मुलखात. पुढे १९०४ साली इंग्लंडात स्टॅफर्डशायरमधील मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात अडीच फुटी रेल्वे निघाली, तिचा सल्लागार हाच कॅलथ्रॉप आणि तिचा आदर्श बार्शी लाइट रेल्वे. ती गाडी १९३४ साली बंद पडली, आणि आपलीही पुढे ब्रॉड गेज झाली. पण बार्शीला घेतलेला अनुभव विलायतेस गेला, ही गोष्ट काही पुसली जात नाही. देवघेव म्हणतात ती हीच.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. ती महाराष्ट्राचीच आहे, आणि ती यशाची नसून संकटाची आहे.

सातारा जिल्ह्यात कोयना नदीवर जे धरण आहे ते १०३ मीटर उंच आणि ८०० मीटरांहून अधिक लांब. मोठाले दगड काँक्रीटमध्ये बसवून, ज्याला रबल काँक्रीट म्हणतात, तशा रीतीने ते बांधले आहे. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत शिवाजीसागर जलाशय भरू लागला. दख्खनचे पठार म्हणजे अचल भूमी, अशी तेव्हाची सर्वमान्य समजूत. तरीही धरणाच्या गणितात भूकंपासाठी थोडी तरतूद केलेली होती : धरणाच्या वजनाच्या शेकडा पाच इतका आडवा जोर. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून गेल्यावर भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली, कोयनानगरची बहुतेक घरे पडली. धरणातील एका बोगद्यात धक्का मोजण्याचे यंत्र बसविलेले होते. त्याने जो आडवा जोर नोंदविला तो शेकडा पाच नव्हता, जवळजवळ पन्नास होता.

धरण उभे राहिले. पण सांडव्याबाहेरच्या उंच भागांत, माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, पुढच्या व मागच्या दोन्ही अंगांस आडवे तडे गेले. नेमके तेथेच धरणाचा मागचा उतार एकदम बदलत होता. खाली रुंद व वर एकाएकी सडपातळ, असा तो आकार. माणसाला धक्का बसला की मान लचकते, तसे झाले.

बंधूंनो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. नवस्वतंत्र देशाचे मानाचे धरण, त्याला तडे. अशी गोष्ट झाकावी असे कोणासही वाटेल. घरच्या सुनेच्या हातून वाटी फुटली तरी आपण पाहुण्यांपुढे बोलत नाही! परंतु झाले ते वेगळे. सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली, युनेस्कोमार्फत परदेशचे तज्ज्ञ आले, त्यांनी पाहणी केली, आणि १९६८ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. रुरकी येथील भूकंप अभियांत्रिकीच्या संस्थेने धरणाचा अभ्यास केला. यंत्राची ती नोंद जगभरच्या प्रयोगशाळांना मिळाली. अमेरिकेतील बर्कले येथे प्राध्यापक अनिल चोप्रा होते. त्यांचे इंजिनिअरिंगचे शिक्षण बनारस हिंदू विश्वविद्यालयात झालेले. त्यांनी व चक्रवर्ती यांनी १९७३ साली संगणकावर गणित करून दाखविले की, जुन्या रीतीच्या हिशेबात जेथे कोठेही ताण येऊ नये असे दिसत होते, तेथेच प्रत्यक्षात धरण हेलकावे खाताना काँक्रीटला न पेलणारा ताण आला होता. जुन्या गणिताने धरण हा एक निश्चल ठोकळा धरला होता. खरे पाहता ते रोवलेल्या काठीसारखे डोलते, आणि डोलणाऱ्या वस्तूचा हिशेब निराळा.

त्या ज्ञानाचा उपयोग लगेच झाला. तडे इपॉक्सी नावाच्या राळेसारख्या द्रव्याने भरले, वरचा भाग ताणलेल्या पोलादी तारांनी खालच्याशी आवळला, आणि नंतर मागील अंगाने काँक्रीटचे भक्कम टेकू चढवून उंच भागांस कायमचा आधार दिला. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण पुढे २००६ च्या सुमारास झाले. देशाचा भूकंपाचा नकाशाही बदलला. त्यात ‘शून्य’ म्हणून जो निर्धोक विभाग होता, तो १९७० साली रद्द करण्यात आला. आज जगात कोठेही काँक्रीटच्या धरणाचा भूकंपात काय हाल होईल याचे नवे गणित कोणी मांडले, की ते प्रथम कोयनेवर ताडून पाहण्याचा प्रघात आहे. महाराष्ट्रातील एका धरणाचा तडा साऱ्या जगाची पाठशाळा झाला, कारण तो झाकला गेला नाही.

येथवर ऐकून तुम्हांस वाटेल की, धरणे सरकारची, गणित विद्वानांचे. त्यात आपल्यासारख्यांचे काय? म्हणून आता आपल्या दाराशी येतो.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची ती पहाट येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी विसरले नसेल. किल्लारी येथून सुमारे शंभर किलोमीटर. बार्शीत आम्ही मुलांना उचलून रस्त्यावर आलो. आमच्या घराच्या कोपऱ्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली. पुढे कित्येक रात्री सारी आळी अंगणात निजली. लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत मात्र आठ हजारांच्या आसपास माणसे गेली, आणि त्यांतील बहुतेक स्वतःच्या घराखाली. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या. पण आतला व बाहेरचा पाखा वेगळा रचलेला, मध्ये माती-चिपांची भर, आणि दोन्ही पाखांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड क्वचित. वर माळवदाच्या मातीचे ओझे. दर पावसाळ्याआधी आपण त्यावर मातीचा थर चढवितो, तो जुना काढीत नाही. धक्का बसताच दोन पाखे दोन बाजूंस गेले आणि माळवद खाली आले. ज्यांनी ती घरे बांधली ते आपल्यासारखेच गवंडी होते. त्यांच्या हातात कसब होते आणि नियतही वाईट नव्हती.

मग उणे कशाचे होते? जी गोष्ट आम्हांस पुढे कळली ती आज सांगितल्यावाचून राहवत नाही. भूकंपात टिकणारी साधी घरे कशी बांधावीत याचे एक मार्गदर्शक पुस्तक आंतरराष्ट्रीय भूकंप अभियांत्रिकी संघाने १९८६ सालीच काढले होते. त्याच्या समितीचे प्रमुख होते रुरकीचे प्राध्यापक आनंद स्वरूप आर्य. जपान, इंडोनेशिया, मेक्सिको, पेरू, चीन येथील तज्ज्ञ त्यात होते, आणि ते मुद्दाम अशाच घरांसाठी होते, ज्यांच्यावर कधी कोणी इंजिनिअर जात नाही. भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड घाला. दारांच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवा, त्यात सळई घाला. कोपरे बांधून घ्या. छपराचे ओझे कमी करा. एवढेच सांगणे. आमच्या चौथीच्या मुलास समजावे इतके सोपे. पुस्तक सात वर्षे आधी तयार होते. पेरूच्या इंजिनिअराचा अनुभव रुरकीस पोहोचला होता. तो रुरकीहून आपल्या खेड्यातल्या गवंड्यापर्यंत पोहोचला नव्हता. ज्ञानाने समुद्र ओलांडला आणि ते वेशीपाशी अडले.

भूकंपानंतर ते वेशीच्या आत आले. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झाले, बावन्न गावे नव्या जागी वसली, नवीन घरांत काँक्रीटचे पट्टे आले, गवंड्यांचे वर्ग घेण्यात आले. जुन्या दगडी भिंतीस आरपार भोक पाडून, त्यात आकडा केलेली सळई ठेवून काँक्रीट भरण्याची युक्ती शिकविली गेली. तोच नवा आरपार दगड. पण ती विद्या एवढ्या माणसांच्या जिवाचे मोल देऊन आली, हे विसरता येत नाही.

आणखी एक कबुली देतो. इतरांचे दोष काढून आपला लपविणे शिक्षकास शोभत नाही. भूकंपानंतर आम्ही कर्ज काढून घरावर स्लॅब घातला. त्या दिवशी काम लवकर उरकावे म्हणून माल पातळ करण्यात आला. पाण्याचे पिंप मोकळे सोडले होते. माल भराभर पसरत होता आणि आम्ही खुर्चीवर बसून खूष होत होतो. पुढे लग्नसराई लागली, म्हणून पाणी मारणे चौथ्या दिवशीच थांबले. काही वर्षांनी स्लॅबला ओल धरली, सळई गंजली, आणि एके दिवशी पोपडा आमच्या नातवाच्या अंथरुणाशेजारी पडला. त्या मुकादमाचे नाव घेण्याचे कारण नाही. दोष आमचाही होता. शिकागोच्या मास्तराने १९१८ साली सांगितलेली गोष्ट बार्शीच्या मास्तराला माहीत नव्हती, आणि माहीत करून घेण्याची इच्छाही त्या दिवशी नव्हती.

म्हणून वसतिगृहाच्या कामासाठी आम्ही मंडळापुढे नम्रपणे चार सूचना ठेवतो.

पहिली. पाणी मापूनच घालावे. पन्नास किलोच्या एका पोत्यास पंचवीस लिटर म्हणजे सिमेंटाच्या निम्मे. नेमके प्रमाण आपले इंजिनिअर ठरवितील, पण जे ठरेल ते मिक्सरपाशी फळ्यावर खडूने लिहावे, म्हणजे बिगाऱ्यालाही वाचता येईल. वाळू ओली असेल तर तेवढे पाणी वजा करावे. पाणी निदान सात दिवस मारावेच, आणि मिश्र सिमेंट असेल किंवा आपल्याकडचा कडक उन्हाळा असेल तर दहा दिवस. कॉलमच्या रिंगांची टोके आत वळविलेली आहेत की नाहीत हे काँक्रीट ओतण्यापूर्वी पाहावे, नंतर ते कोणास दिसत नाही.

दुसरी. कामाची रोजनिशी ठेवावी आणि तीत चुकाही लिहाव्यात. कोणत्या दिवशी काय बिघडले, ते कसे निस्तरले, हे पुढील स्मरणिकेत छापावे. कोयनेचा तडा छापला गेला, मग आपला पोपडा छापावयास लाज कसली?

तिसरी. आपल्या ज्ञातीची मुले आज परदेशी गेली आहेत. कोणी आखातात सेंट्रिंगच्या कामावर आहेत, कोणी मोठ्या कंपन्यांत इंजिनिअर आहेत. ती आस्थेने देणगी पाठवितात, तिचे मोल आहेच. परंतु सुटीत घरी आल्यावर त्यांनी एक दुपार मंडळास द्यावी. तेथे काम कसे चालते हे येथील गवंड्यांना सांगावे, आणि येथला गवंडी काय म्हणतो तेही ऐकून जावे. कॅलथ्रॉप इथून काही शिकून गेला, तर आपली मुले का जाणार नाहीत?

चौथी सूचना काही वडीलधाऱ्यांना रुचणार नाही, तरी ती बोलल्यावाचून आम्हांस राहवत नाही. त्या दुपारी मंडळाचे दार सर्वांसाठी उघडे असावे. वडार, बेलदार, सुतार, लोहार, मुसलमान गवंडी, बिहारहून आलेला सळईवाला, ज्याला शिकावयाचे असेल त्याने यावे. संस्था ज्ञातीची आहे, पण भूकंप ज्ञाती विचारून येत नाही, आणि शेजाऱ्याची भिंत कच्ची असली तर ती आपल्याच अंगणात पडते. आमच्या आजोबांनी ज्या पोराला चुना कालविताना दूर पाठविले, त्याला जवळ बसविले असते तर आज कोणाच्या तरी घरात ते प्रमाण जिवंत असते, आणि आम्ही त्याच्या पायाशी बसून ते शिकून घेतले असते.

वसतिगृहाचा पाया भरावयाच्या दिवशी आपण नारळ फोडू, भगवंताच्या मंदिरातील तीर्थ शिंपडू. तो मान त्याचा आहे. त्यानंतर पहिले घमेले पडण्यापूर्वी त्या दिवसाचे माप फळ्यावर लिहिले जावे, एवढीच आमची विनंती. मंडळाची अनुज्ञा असेल तर ते लिहावयास आम्ही येऊ. फळ्यावर लिहिण्याचा सराव आम्हांस अजून आहे.